मदत हवी आहे: प्लास्टिकच्या शेततळ्यात पडलेल्या मांजराला बाहेर यायची वाट कशी करावी?

धुऱ्यावरचा
नमस्कार मंडळी. चिमूर तालुक्यात वावर आहे, जंगल धुऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर. शेततळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, उतार एकास एक, आत ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक. पाणी आता निम्म्यावर आलं आहे. या महिन्यात दोन रानमांजरं त्यात मरून पडलेली सापडली. एका बाजूच्या प्लास्टिकवर मोठ्या नखांचे ओरखडे आहेत, वनरक्षक बिबट्याचे म्हणतात.
मांजर पाण्याला भिते म्हणतात, मग हे आत जातात कशाला? बांबूची शिडी सोडली तर चालेल का? आणि घरचा बोकाही घरची वाटी सोडून तळ्यावरच प्यायला जाऊन राहिला, त्याचं काय करू? कोणाला नीट माहीत असेल तर माप-मोजणीसह सांगा.

पाणवठा
दादा, ते पोहायला जात नाहीत, प्यायला जातात आणि घसरतात. मांजर पाणी चमच्यासारखं उचलत नाही. जिभेचं टोक पाण्याला टेकवून झटकन वर ओढते, त्यामागे पाण्याची बारीक धार उभी राहते आणि ती तुटायच्या आत तोंड मिटते. घरची मांजर हे सेकंदाला चारेक वेळा करते, वाघ-बिबट जरा सावकाश. यासाठी हनुवटी पाण्याजवळ न्यावीच लागते. तुमचं तळं निम्मं आहे, म्हणजे पाणी काठापासून दीड मीटर खाली आणि उतारावरून मोजलं तर २.१ मीटर आत. ओल्या प्लास्टिकवर तेवढं खाली उतरायचं म्हणजे घसरगुंडीच. तळं काठोकाठ भरलेलं असताना हे सहसा होत नाही, मार्चपासून पुढे होतं.
पोहता सगळ्यांना येतं. रानमांजर तर बोडीच्या (गावच्या छोट्या तलावाच्या) काठच्या गवतात, पाणथळीत शिकार करणारंच जनावर आहे. बिबट्या गरज पडली तर पोहतो, एरवी अंग भिजवत नाही. पट्टेदार वाघ मे महिन्याच्या उन्हात ताडोब्याच्या पाणवठ्यात मागच्या पायांनी उलटा शिरतो आणि तोंड बाहेर ठेवून तासन्‌तास बसतो. पण पोहणं आणि बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी. प्लास्टिकमध्ये नख रुतत नाही. जनावर काठाकाठाने फेऱ्या मारतं, दमतं आणि बुडतं.

मोहफूल
बोडीवर मासे धरणारं मांजर असेल तर ते फिशिंग कॅट तर नसेल? त्यांच्या बोटांत पडदा असतो म्हणे.

पाणवठा
नाही ताई. पडदा असतो हे खरं, थोडासा असतो. पण फिशिंग कॅट सुंदरबन, चिलिका, आंध्रातली कोरिंगा खाडी अशा दलदलीकडची. आपल्याकडे विदर्भात बोडीवर दिसतं ते रानमांजर: अंगावर ठिपके नाहीत, मातकट रंग, लांब पाय, कानाच्या टोकाला काळे केस, शेपूट आखूड आणि टोकाशी वळी. अंगावर तांबूस ठिपके असलेलं, मांजरीच्या मोठ्या पिलाएवढंच दिसलं तर ती वाघाटी, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. तीही या तळ्यांत पडते. वाट करताना तिचा विचार आधी करा, कारण मोठ्या जनावरासाठी केलेल्या पायऱ्यांचं अंतर तिला झेपत नाही.

तुराटी
बांबूची शिडी सोडू नका. गोल बांबू ओला झाला की शेवाळतो, पंजा ठरत नाही, आणि पाणी उतरलं की शिडी अधांतरी राहते. मासे धरायची जुनी जाळी टाकायचा सल्ला कोणी देईल, तो तर मुळीच ऐकू नका. बारीक धाग्यात नखं अडकतात आणि जनावर तिथंच गुदमरतं.
चालतं ते काथ्याची चटई आणि दोराची शिडी, दोन्ही एकत्र. एका वाटेचा हिशोब असा: उतार ४.२५ मीटर, तळाशी पाऊण मीटर सपाट पडायला हवं, वर काठावरून मागे खुंटीपर्यंत २ मीटर. म्हणजे ७ मीटरचे तीन उभे दोर, अर्ध्या अर्ध्या मीटरवर. त्यांना आडवे दोर दर १५ सेंटिमीटरवर, साधारण ३३ लागतात. दोर नायलॉनचा, १६ मिलिमीटरचा. एका वाटेला गाठींसकट ७५ मीटर धरा. त्यावर १ मीटर रुंद, ५ मीटर लांब जाड काथ्याची चटई सुतळीने नाही, नायलॉनच्या बारीक दोरीने दर वीतभर अंतरावर शिवा. तागाचं पोतं एका पावसाळ्यात कुजतं, काथ्या दोन-तीन वर्षं निघतो. चटईवर वाघाटीची नखं रुततात, आडव्या दोरात बिबट्याचा पंजा अडतो.
खालच्या टोकाला रेतीची दोन पोती बांधा. दगड नको, कोपरा प्लास्टिक फोडतो. वाटेखाली प्लास्टिकचा जुना तुकडा अंथरा, म्हणजे दोराच्या घासण्याने मूळ प्लास्टिक झिजत नाही. वरची लोखंडी खुंटी प्लास्टिक दाबलेल्या चरापासून १ मीटर मागे, ६० सेंटिमीटर खोल, तळ्याच्या उलट दिशेला झुकवून ठोका. प्लास्टिकमधून खिळा मारायचा नाही, कुठेच नाही. बांधून झाल्यावर दोन माणसांनी पूर्ण भार टाकून ओढून पाहा. भिजलेला बिबट्या ६०-७० किलोचा, नर वाघ दोनशेच्या घरात जातो, आणि तो सगळा भार पुढच्या दोन पंजांवर एकदम येतो.

धुऱ्यावरचा
किती वाटा लागतील? एक चालणार नाही का? खर्च बघावा लागतो.

तुराटी
चार. एक बाजू ३० मीटरची, फेरी १२० मीटरची. दमलेल्या जनावराला एकच वाट सापडेपर्यंत दम राहत नाही. ते कडेने पोहत कोपऱ्यात येऊन अडतं, म्हणून प्रत्येक कोपऱ्यालगत एक. ऐन कोपऱ्यात नको: तिथे उतार तिरका, ५.२ मीटर लांब होतो आणि चटई सपाट बसत नाही. कोपऱ्यापासून १ मीटर सरकून, सपाट बाजूवर. पैसे कमी असतील तर आधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत करा, बाकीच्या दोन पुढच्या महिन्यात.
जुने टायर साखळीने बांधून सोडले तरी चालतात, स्वस्त पडतात. फक्त प्रत्येक टायरला खालच्या बाजूने भोकं पाडा, नाहीतर साचलेल्या पाण्यात डास होतात. आणि पंधरा दिवसांनी चटईवरचं शेवाळ खराट्याने घासा. वाट शेवाळली की ती वाट राहत नाही.
जाळीचं कुंपण आहे म्हणून वाटा टाळू नका. रानमांजर खालून शिरतं, बिबट्या वरून येतो, आणि आत पडल्यावर कुंपणाचा उपयोग शून्य.

मोहफूल
जनावर आत्ता पाण्यात असेल तेव्हा काय करायचं, तेही सांगा. लोक आधी मोटार लावतात.

पाणवठा
मोटार लावून काही होत नाही. या मापाच्या भरल्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. ताशी ४० हजार लिटर उपसा धरला तरी ५५ तास. निम्म्या तळ्यालाही अख्खा दिवस पुरत नाही. शिवाय पाणी उतरलं की चढायचा निसरडा उतार वाढतो.
रानमांजर असेल तर चटई किंवा पोत्यांची माळ काठावरून सोडा, वरचं टोक पक्कं बांधा आणि ५० मीटर मागे सरका. माणूस काठावर उभा असेल तर ते त्या बाजूला येतच नाही. फास टाकायचा नाही, हाताने उचलायचं नाही. बिबट्या किंवा वाघ असेल तर ताबडतोब वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, वनरक्षकांना कळवा, आणि गावची गर्दी मागे ठेवा. हे सगळ्यात कठीण काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. वन विभागाचे लोक येईपर्यंत त्याला टेकायला काहीतरी हवं: बाजेच्या चारही कोपऱ्यांना नाडा बांधून ती पाण्याच्या पातळीवर सोडतात. विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी हीच रीत आहे. पाण्यात असताना बेशुद्धीचं इंजेक्शन देत नाहीत, भूल चढली की ते बुडतं. त्यासाठी आग्रह धरू नका.

पशुवैद्य
बोक्याचं मी सांगतो. घरच्या मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यामुळे तहान कमी आणि लघवी घट्ट. दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर पाणी लागतं, ४ किलोच्या बोक्याला २०० मिलिलिटर, अन्नातलं धरून. उंदीर, मासा, कोंबडीचं मांस खाल्लं तर त्यातूनच बरंच मिळतं. कोरडं पॅकेटचं खाद्य खात असेल तर त्यात दहा टक्क्यांच्या आसपासच पाणी असतं.
वाटी बहुधा जेवणाशेजारी ठेवली असेल. बऱ्याच मांजरांना अन्नाजवळचं पाणी आवडत नाही. मिशा काठाला घासणारी अरुंद वाटीही नको. रुंद, उथळ मातीची परात घ्या, सावलीत, दोन-तीन ठिकाणी, जेवणापासून चार-पाच हात दूर. रोज पाणी बदला. दूध म्हणजे पाणी नव्हे, मोठ्या मांजराला त्याने हगवण लागून उलट पाणी कमी होतं.
बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. नराची मूत्रनळी अरुंद असते, खडे अडकले की दोन दिवसांत जीव जातो. माणसाची पॅरासिटामॉल गोळी चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे.
आणखी एक. फवारणीचा पंप त्या तळ्यात किंवा काठावर धुऊ नका. मांजर भिजलं की अंग चाटून कोरडं करतं, म्हणजे केसांवरचं कीटकनाशक सरळ पोटात. घरचं मांजर असं भिजलेलं दिसलं तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, चाटू देऊ नका, औषधाच्या डब्यावरचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा.

धुऱ्यावरचा
लई उपकार झाले. मग बाहेरच एक मोठा पाणवठा बांधून टाकला तर? तळ्यावर कोणी येणारच नाही.

पाणवठा
घाई करू नका. बशीसारखा, मध्ये ३० सेंटिमीटर खोल आणि काठाला शून्यावर येणारा पाणवठा जनावरांसाठी सगळ्यात सुरक्षित, हे खरं. पण गोठ्याजवळ किंवा मोह वेचायच्या वाटेवर बांधला तर वाघ-बिबट तिथे येऊन बसतील आणि पहाटे माणसाची गाठ पडेल. जागा वनरक्षकांना दाखवूनच ठरवा, जंगलाच्या बाजूच्या धुऱ्यावर. तोपर्यंत चटया बांधा. दोर ३०० मीटर एकदम घ्या, आणि कापलेलं प्रत्येक टोक जाळून बंद करा, नाहीतर महिन्याभरात पीळ सुटतो.