अक्षरी रकमेच्या लायब्ररीचं नवीन व्हर्जन काढायचंय, ०.५ म्हणू की १.०?

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र मिळून एक छोटी पायथन लायब्ररी सांभाळतो, आकडा दिला की मराठीत अक्षरी रक्कम काढून देते, लाख-कोटीसकट, लायसन एमआयटी, म्हणजे कुणीही फुकट वापरावी. कॉलेजात असताना सुरू केलेली, पण आता तासगावला बेदाण्याच्या एका अडत्याकडं शेतकऱ्याच्या पट्टीवर हीच रक्कम छापली जाते आणि कराडची एक पतसंस्था पावत्यांना वापरते, शिवाय गिटहबवर अनोळखी लोकं इश्यू टाकतात म्हणजे अजून कुठं कुठं चालू असणारच. सध्याचं व्हर्जन ०.४.२. नवीन व्हर्जनमध्ये दोन मोठे बदल आहेत. एक म्हणजे आता फ्लोट (कॉम्प्युटर अंदाजे साठवतो तो दशांश आकडा) घेणार नाही, डेसिमल (दशांश तंतोतंत ठेवणारा प्रकार) नाहीतर स्ट्रिंगच (मजकूर म्हणून लिहिलेला आकडा) द्यायची, कारण ०.२९ ला १०० नं गुणलं की पायथन २८.९९९ असं काहीतरी देतो आणि त्याचा पूर्णांक केला की २९ पैशांचे २८ होतात, शेतकऱ्याच्या पट्टीवर हे नको. दुसरं म्हणजे मुख्य फंक्शनचं नाव बदललंय, जुनं नाव कुणालाच लक्षात राहत नव्हतं. तर हे ०.५ की १.०? आणि पायपीआयवर (पायथनच्या लायब्रऱ्या सगळे जिथून घेतात तिथं) चढवायच्या आधी तुम्ही काय काय बघता? घाई नाही, पण नीट व्हावं असं मनापासून वाटतंय.

टर्मिनल_ताई:
आधी नंबरचं बोलू. सेमव्हरच्या (व्हर्जनला नंबर द्यायच्या पद्धतीच्या) नियमात ०.क्ष म्हणजे अजून काहीही बदलू शकतं, त्यामुळं कागदावर ०.५ चालतं. पण लोकांच्या पावत्या छापतोयस तर ते प्रॉडक्शनच झालं की रे, १.० च म्हण. फक्त फंक्शनचं जुनं नाव लगेच उडवू नको. ते राहू दे, आतून नव्यालाच कॉल करू दे आणि वॉर्निंग दे, २.० ला काढ. आणि वॉर्निंग देताना एक बघ, पायथनमधली डेप्रिकेशनवॉर्निंग (हे पुढं काढणार आहोत असं सांगणारी) लायब्ररीच्या आतल्या कोडसाठी बाय डिफॉल्ट दिसतच नाही, म्हणजे पतसंस्थेच्या पोराला कळणारच नाही. फ्यूचरवॉर्निंग वापर, ती दिसते.

फ्लोटचं मात्र उलटं आहे माझ्या मते. तिथं वॉर्निंग देऊन चालवून घेऊ नको, सरळ एरर दे आणि एररच्या मेसेजमध्येच मराठीत लिही की डेसिमल कसा द्यायचा. पैशाचा हिशोब गपचूप चुकण्यापेक्षा प्रोग्राम थांबलेला परवडला.

आणि मार्चएंडला काढू नको. पतसंस्थेत त्या वेळी कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो, कुणी चुकून अपग्रेड केलं तर सगळं अंगावर येईल.

मिरज_रूट:
ताईंशी सहमत. पॅकेजिंगचं मी सांगतो कारण बहुतेक जण तिथंच अडकतात. पायपीआयवर एकदा फाइल गेली की त्याच नावाची फाइल परत चढवता येत नाही, डिलीट केली तरी नाही. म्हणून आधी टेस्टपायपीआयवर टाक (सरावाचं पायपीआय, त्याचं खातं वेगळं काढावं लागतं), मग १.०.०आरसी१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, पक्क्या व्हर्जनच्या आधीचं चाचणीचं) खऱ्या पायपीआयवर. आरसी असल्यामुळं साधं पिप इन्स्टॉल (लायब्ररी उतरवायची कमांड) करणाऱ्याकडं ते जात नाही, मुद्दाम प्री-रिलीज मागितलं तरच येतं, म्हणजे अडत्याचं मशीन सुरक्षित.

तुझे आकड्यांचे शब्द जेसन फाइलमध्ये असतील तर ती फाइल व्हीलमध्ये (लोकांकडं इन्स्टॉल होते त्या पॅकेजमध्ये) जातेय का ते उघडून बघ, आपल्या फोल्डरमधून चालवलं की सगळं छान चालतं आणि व्हीलमध्ये फाइलच नसते असं लई वेळा होतं. कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (बाकीच्या पायथनपासून वेगळ्या जागेत) व्हील टाकून, दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन चालव. आणि फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलंयस ना? विंडोजवर ते लिहिलं नाही तर पायथन मशीनचं स्वतःचं एन्कोडिंग धरतो आणि देवनागरी वाचताना तिथंच आडवा होतो. पतसंस्थांमध्ये सगळीकडं विंडोजच असतंय.

कृष्णाकाठ_सांगली:
एन्कोडिंग लिहिलेलं आहे, पण व्हीलमधली जेसन आजच तपासतो. चेंजलॉग (बदलांची यादी) इंग्रजीत लिहू का मराठीत? आणि टॅग (गिटमध्ये व्हर्जनवर लावायची खूण) आधी की अपलोड आधी?

अजिंक्यतारा_डेव्ह:
चेंजलॉग दोन्हीत लिही भावा, पण मराठी वर. कमिटचे मेसेज चिकटवू नको, तुझा वाचणारा माणूस पतसंस्थेचा आहे, त्याला फक्त एवढंच पाहिजे की माझं काय मोडणार आणि कोडमधली कुठली ओळ बदलायची. जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी दे.

टॅग आधी. अपलोड तुझ्या लॅपटॉपवरून करूच नको, टॅग पुश झाला की आपोआप चालणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सनं त्या टॅगवरून बिल्ड करून चढवावं असं लाव. २०२३ पासून पायपीआयवर ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, कायमचा टोकन (अपलोडचा पासवर्ड) कुठं साठवावा लागत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडचं (लिनक्समधल्या फाइल दाबून लहान करायच्या साधनाचं) प्रकरण झालं, त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये बॅकडोअर (चोरदरवाजा) घुसवलेला, तिथं तो चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडला ठेवलेल्या गठ्ठ्यात) होती, आणि सापडलं ते एका माणसाला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. तुमची लायब्ररी छोटी आहे हे खरं, पण ती पैशाच्या कागदावर छापते, तेव्हा रिपॉझिटरीत जे आहे तेच लोकांच्या हातात जातंय हे कुणालाही तपासता आलं पाहिजे.

एकदा पुश केलेला टॅग हलवू नको, ज्यांनी आधी ओढलाय त्यांच्याकडं जुनाच राहतो आणि मग दोघांची १.०.० वेगळी. काही राहिलं तर १.०.१ काढ. फारच वाईट निघालं तर पायपीआयवर यँक कर (मागं घे), ज्यांनी नेमकं तेच व्हर्जन पिन केलंय (नंबरासकट पक्कं लिहून ठेवलंय) त्यांना ते मिळत राहतं, बाकीच्यांना पिप देत नाही.

मिरज_रूट:
आरसीनंतर कोडला हात लावायचा नाही हेही ठरवून घ्या दोघं. हात लावावा लागला तर आरसी२. आणि आरसी आलं की अडत्याच्या मागच्या सीझनच्या पट्ट्यांमधल्या नुसत्या रकमा मागून घे, नावं नकोत, त्या जुन्या नव्या दोन्ही व्हर्जनमधून काढून फरक बघ. जिथं फरक दिसेल तिथं तो फ्लोटमुळं चुकलेल्या एखाद्या पैशाचाच असायला पाहिजे, दुसरा कुठला निघाला तर १.० थांबव.

कृष्णाकाठ_सांगली:
१.० ठरलं मग, जुनं नाव ठेवतो. रकमांची फाइल मागितलीय, आरसी१ चढलं की लिंक टाकतो, विंडोजवाल्यांनी जरूर चालवून बघा.