पॅन स्वतः न काढणारे सगळे आळशी?

नीराकाठ
परवा इथे एकानं लिहिलं होतं, "पॅन घरबसल्या दहा मिनिटांत फुकट निघतं, जीएसटी नंबरलाही सरकारी फी शून्य. तरी एजंटकडे जाणारे लोक आळशी आहेत." दोन दिवस गप्प बसलो. तो 'आळशी' शब्द काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

आईच्या नावानं बँकेत ठेव ठेवायची होती, ५० हजारांच्या वर, म्हणून पॅन. फुकटचं ई-पॅन मी स्वतः काढायला बसलो. त्याला आधारवर पूर्ण जन्मतारीख लागते. आईच्या आधारवर नुसतं १९५८. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईची तारीख कुणी लिहून ठेवली असेल? ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, आणि तो नंबर बंद पडून चार वर्षं झालीत. आधार केंद्र तालुक्याला. पहिल्या दिवशी सर्व्हर डाउन, दुसऱ्या दिवशी टोकन संपले. आईचे गुडघे दुखतात. शेवटी बाजारपेठेतल्या एका पोराला ५०० रुपये दिले. कुठला कागद कुठे लागतो ते त्यानं सांगितलं, अर्ज त्यानंच भरला, महिन्याभरात कार्ड पोस्टानं घरी आलं. यात आळस कुठे दिसला?

खडकवाट
ती पोस्ट माझी. शब्द तुमच्या आईसाठी नव्हता, हातात स्मार्टफोन असलेल्यांसाठी होता. छापील कार्डाला १०७ रुपये लागतात, तुम्ही ५०० दिले. पण पैसे जाऊ द्या. माझ्या चुलतभावाच्या अर्जात एजंटनं मोबाईल आणि ईमेल स्वतःचे टाकले. पुढे कराचा परतावा अडकला आणि ओटीपी त्या माणसाला जायला लागले. तोवर दुकानाला कुलूप! आधारची झेरॉक्स, सही, फोटो सगळं अनोळखी माणसाच्या हातात देतो आपण. अशाच कागदांवर लोकांच्या नावानं बोगस जीएसटी नोंदण्या झाल्यात. म्हणून तळमळून लिहिलं होतं.

मसालेवाली
खडकवाट यांच्याशी सहमत. माझा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. बेळगावच्या दुकानांत माल जायला लागला आणि कळलं की राज्याबाहेर माल विकला की ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी न करण्याची सवलत उरत नाही, नोंदणी करावीच लागते. कन्सल्टंटनं ४,५०० सांगितले, वर "धंद्याचं पॅन वेगळं काढावं लागेल" म्हणून आणखी ७००. एकट्या मालकाच्या धंद्याला मालकाचंच पॅन चालतं! भागीदारी असती तर वेगळं लागलं असतं. तिथेच उठले.

दोन रात्री बसून अर्ज भरला. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर आणि त्यांचं संमतिपत्र जोडायला विसरले, म्हणून खात्यानं खुलासा मागवला. उत्तराला कामकाजाचे सात दिवस मिळतात, मी तिसऱ्या दिवशी दिलं. नंबर आला. सुरुवातीला महाराष्ट्राचा २७, मागोमाग माझंच पॅन. तो पाहून डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

वहीखाते
ताई, अभिनंदन. पण मी २२ वर्षं या कामात आहे, आणि नंबर मिळणं हा सगळ्यात सोपा भाग. एक रुपयाची विक्री नसली तरी शून्य विवरणपत्र भरावं लागतं. राहिलं की दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. "नंबर स्वतः काढला होता" म्हणत लोक माझ्याकडे येतात तेव्हा सहा-सहा महिने काही भरलेलं नसतं आणि नोंदणी रद्द झालेली असते. आमची फी डोळ्यांत खुपते, पण व्यवसाय कराची नोंदणी आठवण करून कोण देतं? पीटीईसी, म्हणजे त्या कराच्या नावनोंदणीचं प्रमाणपत्र, काढलीत? वर्षाचे २,५००.

मसालेवाली
काढली. तीही स्वतःच.

माहेरचंच नाव
पैशांचं चाललंय, माझं दुखणं वेगळंच. पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव लागतं, लग्न झालेल्या बाईचंही वडिलांचंच. एजंटनं मला न विचारता त्या रकान्यात नवऱ्याचं नाव घातलं. सात वर्षं नवरा माझा बाप म्हणून छापलेलं कार्ड वापरतेय.

देशमुखवाडा
आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचंच लावतात. त्यानं रीतीप्रमाणे लिहिलं. एवढा त्रागा कशाला?

माहेरचंच नाव
रीत तुमची आणि फेऱ्या माझ्या? आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, पॅनवर तिसरंच. गृहकर्जाच्या वेळी 'ती मीच' असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. नवऱ्याला कुणी विचारलं का, तू तोच का म्हणून?

देशमुखवाडा
मग नाव बदलायचंच नव्हतं. नाव बदलायचं आणि कार्यालयांवर चिडायचं, हे पटत नाही.

एकटीची लेक
बदलायचं नव्हतं म्हणे! घरात ते कुणी ठरवलं हे तुम्हाला माहीत आहे? मला आईनं एकटीनं वाढवलं. २०१८च्या डिसेंबरपर्यंत आमच्यासारख्यांनाही बापाचं नाव लिहिल्याशिवाय पॅन मिळत नव्हतं. जो माणूस आम्हाला सोडून गेला त्याचं नाव माझ्या पहिल्या कार्डावर होतं. नियम बदलल्यावर मी स्वतः अर्ज केला, एजंटला हात लावू दिला नाही. आता आईचं नाव आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव घातलं, तेव्हा आमच्या घरी पुरणपोळी झाली होती.

देशमुखवाडा
तुमच्या आईंबद्दल आदरच आहे. रकाना वडिलांचा असताना नवऱ्याचं नाव घालणं ही एजंटची चूक, तेवढं मानतो. रीतीबद्दल मत बदललेलं नाही.

वहीखाते
ही चूक मी शेकडो कार्डांवर पाहिलीय. आमच्यातलेही काहीजण न विचारता भरतात. नाइलाजानं कबूल करतो.

नीराकाठ
हे वाचून आत्ता आईचं कार्ड कपाटातून काढलं. वडिलांच्या नावाच्या जागी माझ्या वडिलांचं नाव आहे. कार्ड आलं तेव्हा मी फक्त फोटो पाहिला होता.

'आळशी'वरचा राग तसाच आहे. पण दुरुस्तीचा अर्ज मीच भरणार, मोबाईल माझा टाकणार. आईला विचारलं, तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव काय. घरात हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिनं आजोबांसकट सांगितलं. त्यांचं नाव असलेला कागद मामाकडे आहे, जुना सातबारा. रविवारी तिला घेऊन जातोय.