अनुभव धागा: हॉटेलला आधी दिलेले पैसे, विसार की अनामत?

मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉटेलात 12 खोल्या धरल्या होत्या, दोन रात्री, 1,800 रुपये दराने. मॅनेजर म्हणाले, "काका, 15,000 टाका, खोल्या तुमच्या." टाकले. मोबाईलवर मेसेज आला, "अ‍ॅडव्हान्स जमा." तेवढाच.

लग्नाला तेरा दिवस असताना आमच्या आई गेल्या. तारीख पुढे गेली. हॉटेलात गेलो तर उत्तर मिळालं, पैसे परत नाहीत, या तारखांना आम्ही दुसऱ्यांना नाही म्हणालोय. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, कारण लग्नसराईत 12 खोल्या अडवून ठेवणं सोपं नाही. पण मी ती रक्कम अनामत समजत होतो आणि ते विसार समजत होते. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. विसार म्हणजे सौदा पक्का केल्याची रक्कम, बिलातून वळती होणारी, आणि माघार घेतली तर बहुधा बुडणारी. अनामत म्हणजे सुरक्षेपोटी ठेवलेली, काही मोडतोड झाली नाही तर परत मिळणारी. आम्ही दोघांनी "अ‍ॅडव्हान्स" म्हटलं आणि मोकळे झालो.

तुमचे अनुभव सांगा. सोलापुरातले, बाहेरगावचे, हॉटेल चालवणाऱ्यांचेही.

होटगी रोडवरून

काका, आधी आजींना नमस्कार.

माझा प्रकार वेगळाच. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला पुण्याहून पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी भक्तनिवासाचा नंबर नेटवर शोधला. फोनवरचा माणूस फार गोड बोलला, खोल्यांचे फोटो पाठवले, क्यूआर कोड पाठवला. 3,200 भरले. मग म्हणाला, एंट्री चुकली, पुन्हा 3,200 भरा, आधीचे आपोआप परत येतील. भरले. तिसऱ्यांदा तो "रिफंड"साठी यूपीआय पिन टाकायला सांगू लागला तेव्हा मुलगी ओरडली, आई, पैसे यायला पिन लागत नाही! तोवर 6,400 गेले होते.

लगेच 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार जितकी लवकर, तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त, असं तिथे सांगितलं. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत. पाहुणे अक्कलकोटला पोहोचले तर खऱ्या भक्तनिवासात त्यांच्या नावाची नोंदच नव्हती. तो नंबर त्यांचा नव्हताच. चाळीसेक किलोमीटरवर आहे अक्कलकोट, कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवून विचारायला हवं होतं.

स्टेशनजवळच्या लॉजचा मॅनेजर

आमची बाजू मांडतो. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या आदल्या रात्री, माझ्याकडे "हॉटेलवर पैसे द्या" या पर्यायातून 9 खोल्या बुक होत्या. रात्री अकरापर्यंत 4 जण आलेच नाहीत. फोन लावला तर एक जण म्हणाला, आम्ही तीन ठिकाणी केलं होतं, पार्क चौकातलं आवडलं. दारातून मी दोन कुटुंबांना परत पाठवलं होतं, एकात तान्हं मूल होतं. ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून यात्रा, आषाढी आणि नवरात्र, या तीन वेळेला एका रात्रीचे पैसे आधी घेतल्याशिवाय खोली धरत नाही. पंढरपूर आणि तुळजापूर दोन्हीकडची गर्दी आमच्याकडे उतरते.

पण मी लिहून देतो. किती, कशापोटी, कुठल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत. लिहून मागितलं की जो चिडतो, त्याच्याकडे बुकिंग करू नका.

अजून एक. अ‍ॅपवरून अ‍ॅपला पैसे भरले असतील तर ते त्या वेळी माझ्याकडे आलेले नसतात. काउंटरवर माझ्याशी भांडून ते मला परत देता येत नाहीत, परतावा आला त्याच वाटेने जातो. आणि दर ठरवताना करासकट की कराविना हे विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के जीएसटी आहे, आधी 12 होता.

चादरीच्या धंद्यातला

सिंगापूरला प्रदर्शनासाठी गेलो होतो. बुकिंगवर "मोफत रद्द, अमुक तारखेच्या रात्री बारापर्यंत" असं होतं. निघण्याआधी बेत बदलला, मी इथे सोलापुरात रात्री दहाला रद्द केलं. एका रात्रीचे पैसे कापले! तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तिथे साडेबारा वाजून गेले होते. मुदत हॉटेलच्या गावच्या वेळेने मोजतात.

दुसऱ्या हॉटेलात चेक-इनला त्यांनी अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून धरली. ती खर्च होत नाही, पण वापरताही येत नाही. मी नेमकं फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशातल्या खर्चासाठी आधी पैसे भरलेलं कार्ड, दिलं होतं. ती मोकळी व्हायला दोन आठवडे गेले, आणि तेवढ्यात जेवणाखाण्याची पंचाईत झाली. अशा वेळी क्रेडिट कार्ड द्यावं.

जुळे सोलापूर

परत न मिळणारा दर 400 रुपयांनी स्वस्त होता म्हणून महाबळेश्वरला तोच घेतला. सासऱ्यांना ऐनवेळी दवाखान्यात न्यावं लागलं आणि सगळे 7,000 गेले. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर ते 400 जास्त द्यावेत, एवढंच म्हणते.

धागा सुरू करणारा

सगळ्यांचे आभार. होटगी रोडच्या ताई, तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि पाठपुरावा सोडू नका.

मॅनेजरसाहेब, तुमचं वाचून त्याच हॉटेलात पुन्हा गेलो. या वेळी आवाज चढवला नाही. त्यांनी 15,000 नव्या तारखेच्या बिलात धरायचं कबूल केलं, खोलीमागे 200 रुपये दर वाढवून. मी वहीचा कागद पुढे केला. त्यांनी लिहिलं: "विसार 15,000. सात दिवस आधी कळवल्यास निम्मा परत." खाली सही आणि शिक्का. कागद पत्रिकांच्या गठ्ठ्यातच ठेवलाय.