मदत हवी आहे: बर्लिनहून परत आले, आता आमच्या फ्लॅट स्कीममधे कचरा वेगळा करायचाय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, मनीषनगरला राहते, 24 फ्लॅटची आमची स्कीम आहे. पोस्ट लांबणार आहे, पण नुसतं "कचरा वेगळा कसा करायचा" विचारलं तर सगळे ओला-सुका सांगून मोकळे होतील आणि माझी अडचण त्याच्या पुढची आहे, म्हणून सगळंच सांगते.

एप्रिल ते जून मुलीकडे बर्लिनला होते. पहिल्याच आठवड्यात पाण्याची बाटली पिऊन झाली आणि सवयीनं दोन्ही हातांनी चुरगळून टाकली, तर मुलगी ओरडली, आई थांब, चेपू नको! तिथं पाण्याच्या, थंड्याच्या पातळ प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर दुकानातच 25 सेंट जास्त घेतात, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. त्याला फांड म्हणतात. बिअरच्या काचेच्या बाटलीला 8 सेंट. रिकामी बाटली सुपरमार्केटमधे नेली की भिंतीत एक मशीन असते, गोल तोंडाची, त्यात बाटली बुडाकडून आडवी सरकवायची, ती आत गोल फिरते, लेबलवरची खूण वाचली जाते, मग आत कडकड आवाज येतो आणि स्क्रीनवर आकडा वाढतो. शेवटी बटन दाबलं की चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दिली की बिलातून पैसे कमी. माझी चेपलेली बाटली मशीननं 3 वेळा परत ढकलली, कारण खूण वाचताच येत नव्हती. आपल्याकडे स्टेशनवर सांगतात बाटली चेपून फेका म्हणजे कोणी परत भरून विकणार नाही, आणि तिथं चेपली तर पैसे बुडाले. दोन्हीकडचं कारण आपापल्या जागी बरोबरच आहे म्हणा.

पण मशीनपेक्षा मला दुसरंच लागून राहिलं. संध्याकाळी पार्कात पोरंपोरी बसतात, पिऊन झालं की उठताना बाटल्या कचरापेटीत टाकत नाहीत, पेटीच्या पायाशी ओळीनं उभ्या ठेवतात. मला वाटलं काय हा आळस, पेटी समोर आहे नं! मग एक गृहस्थ आले, माझ्याच वयाचे असतील, हातात मोजे, मोठी निळी पिशवी, वाकून एकेक बाटली उचलली आणि पुढच्या पेटीकडे गेले. मुलगी म्हणाली, त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून सगळे बाहेर ठेवतात. त्या वयाच्या माणसाला बाटल्या वेचाव्या लागतात हे तिथलंही दुखणंच आहे, ते काही चांगलं नाही. पण ठेवणाऱ्याच्या मनात उचलणाऱ्याचा हात आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाकी घरच्या कचऱ्याचं म्हणाल तर बिल्डिंगच्या मागच्या अंगणात कागदाला निळा डबा, भाज्यांच्या सालीला ब्राऊन, पॅकिंगच्या प्लास्टिकला वेगळा, काचेला तर दोन, पांढरी वेगळी रंगीत वेगळी. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो म्हणून. बर्लिन एकदम चकाचक असंही समजू नका, फुटपाथवर जुन्या गाद्या, सोफे पडलेले असतात आणि वेगळ्या डब्यात भलतंच टाकणारे तिथंही आहेत.

जुलैत परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमधे आमच्या मावशी, ज्या दारोदार कचरा घेतात, त्या खाली बसून पन्न्या हातानं फाडत होत्या. पुठ्ठा, बाटल्या काढून कबाडीला विकतात, तेवढीच वरची कमाई. डाव्या तळहाताला लुगड्याची चिंधी बांधलेली. विचारलं तर म्हणे, "काच लागली बाई, कोणाच्या पन्नीत होती काय माहीत." मला काही बोलता आलं नाही. फुटलेला कप, फुटलेला बल्ब मी कितीदा तसाच आलूच्या सालांसोबत पन्नीत टाकून गाठ मारलेली आहे. माझ्याच घरातली नसेल कशावरून?

मीटिंगमधे विषय काढला तर सेक्रेटरी म्हणतात, ताई, गाडीत शेवटी सगळं एकत्रच होते आणि भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डला जाते, तुम्ही घरी 4 डबे ठेवून काय उपयोग. यावर काय उत्तर देऊ हे मला खरंच कळून नाही राहिलं. शिवाय खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या, चिप्सची चकचकीत पाकिटं कबाडी घेत नाही, त्याचं काय करायचं, डायपरचं काय, आणि खत करायचं ठरवलं तर डिसेंबरमधे संत्र्याच्या सालांचा ढीग होतो तो चालतो का? ज्यांनी नागपुरात करून पाहिलंय त्यांनी प्लीज सांगा, वाचून सांगणारे खूप आहेत.

—

खामलेकर: ताई, आम्ही 18 फ्लॅटमधे 2 वर्षांपासून करून राहिलो. पहिली गोष्ट, सगळं एकदम मागू नका. आम्ही पहिल्या दिवशी चार रंगाचे डबे वाटले आणि आठ दिवसात लोकांनी त्यात कांदे भरले. दुसऱ्यांदा फक्त काच आणि डायपर-पॅड एवढंच मागितलं, बाकी जसं आहे तसं. 3 महिन्यांनी सुका वेगळा. सेक्रेटरींना सांगा, गाडीत काय होते तो नंतरचा प्रश्न आहे, मावशी गाडीच्या आधी बसतात. वेगळं केल्याचा उपयोग तुमच्या पार्किंगमधेच होते, भांडेवाडीपर्यंत जायची गरज नाही. आणि घनकचरा नियमात 2016 पासूनच कचरा वेगळा करून देणं प्रत्येक घरावर बंधनकारक आहे, तेही मीटिंगमधे वाचून दाखवा. कबाडीचे पैसे मावशींचेच राहतील हे मात्र आधीच लिहून घ्या, आमच्याकडे दोघांनी ते स्कीमच्या फंडात टाका म्हणून वाद घातला होता.

अनघा_पुणे: माहेर नागपूर, आता पुण्यात. इथं कचरावेचक बायकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, स्वच्छ नावाची, 2008 पासून. त्यांनीच लाल ठिपका सुरू केला. पॅड, डायपर पेपरमधे गुंडाळायचं आणि वर लाल पेननं मोठा ठिपका, म्हणजे त्या उघडत नाहीत. शून्य रुपये खर्च. काचेलाही तसंच, जाड पेपर आणि वर "काच" लिहायचं. पण वाचता न येणाऱ्या मावशी असतील तर लिहून उपयोग नाही, त्यांना आधी खूण समजावून सांगा.

बाग_माझी_त्रिमूर्तीनगर: खताबद्दल. गांडूळखत करणार असाल तर संत्र्याची सालं जास्त टाकू नका, गांडुळांना ती सोसत नाहीत. साध्या खड्ड्यात किंवा जाळीच्या ड्रममधे चालतात, पण बारीक तुकडे करून 2 दिवस उन्हात वाळवून टाकायची आणि वर भरपूर पालापाचोळा. वास येऊन राहिला म्हणजे समजायचं कोरडं कमी पडलं. आंबट ताक शिंपडलं की लवकर कुजते. मे महिन्यात उलटं होते, आपल्या 45 च्या उन्हात ढीग वाळून कडक होतो, काहीच कुजत नाही, तेव्हा रोज संध्याकाळी पाणी मारा आणि वर ओलं पोतं टाका. सावलीची जागा आहे का तुमच्याकडे?

जुना_बर्डीकर: फांड वाचून हसू आलं हो, आनंदाचं. आमच्या लहानपणी थंड्याची काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार डिपॉझिट ठेवून घ्यायचा. लग्नात तर क्रेट मोजून परत करायला घरचाच एक माणूस बसवायचे आणि दोन बाटल्या कमी भरल्या की मांडवात शोधाशोध. ते आपल्याच अंगवळणी होतं, प्लास्टिक आलं आणि ती सवय गेली. आताही तामिळनाडूत निलगिरीला दारूच्या बाटलीवर 10 रुपये जास्त घेतात आणि रिकामी परत दिली की देतात. डोंगरावर काच दिसू नये म्हणून. चिप्सच्या पाकिटाला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही, ते बनवणाऱ्यावरच टाकलं पाहिजे.

—

(मूळ प्रश्न विचारणारी) सगळ्यांचे मनापासून आभार. खामलेकर दादा, "मावशी गाडीच्या आधी बसतात" हे वाक्य मी आज जसंच्या तसं सेक्रेटरींना सांगितलं, ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, रविवारी परत विषय घ्या. अनघा, लाल ठिपका उद्यापासून माझ्या मजल्यावर. बागवाले दादा, जिन्यामागे सावली आहे, पण बोअरची मोटर तिथंच आहे, मोजून सांगते.

आणि एक राहिलंच होतं, ज्यांच्यासाठी हे सगळं त्यांनाच मी विचारलं नव्हतं. आज सकाळी चहा देताना विचारलं की मावशी, तुम्हाला काय वेगळं पाहिजे? त्या लगेच म्हणाल्या, "काच अलग द्या, पोरांचे हगीस अलग द्या, अन् पन्नीला गाठ नका मारू, गाठ सोडतानाच हात आत जाते. बाकी मी पाहून घेतो." तिसरं तर आपल्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

आता एवढंच सांगा, काचेसाठी रंगाचा रिकामा 20 लिटरचा डबा पार्किंगमधे ठेवला तर चालेल का, की खाली लहान पोरं खेळतात म्हणून झाकणाचाच घेऊ? आणि तो भरला की काच घेणारा कबाडी मनीषनगर-बेसा भागात कोणाला माहीत आहे का? आमचा नेहमीचा फक्त पुठ्ठा आणि लोखंड नेतो.