२००० पक्षी दाटीत आहेत, पाण्यातून काय देऊ? (बजेट ३०००)

शिरूरचा_शेडवाला: नमस्कार मंडळी. शेड १५०० चौरस फूट, ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) २०००, आज २३ वा दिवस. दुपारी एकनंतर धापा टाकतात, पंख पसरून पडतात. मर रोज आठ-दहा. खाद्य रेडीमेड. पाण्यातून काय द्यावं? ३००० च्या वर जमणार नाही.

मुळशीकर: डोळे झाकून बीटेन (उकाड्याचा ताण कमी करणारं पूरक) घ्या. सोबत प्रोबायोटिक, लिव्हर टॉनिक, सेलेनियम-ई. माझं बिल साडेनऊ हजार झालं, पण एफसीआर (किलोभर वजनाला लागलेलं खाद्य) १.६२ आला.

फॉगर_फॅन: ३००० म्हणालेत ते. वाचा तरी. आणि असला १.६२ आम्हीही पाहिलाय, कागदावर.

मुळशीकर: पावती टाकू का?

उरुळीची_ताई: प्रोबायोटिकचे माझे पैसे अक्षरशः पाण्यात गेले. टाकीत ब्लीचिंग पावडर होती, त्याच पाण्यात कालवलं. जिवंत जंतूच ते, मेले सगळे. द्यायचंच तर खाद्यातून द्या दादा. व्हिटॅमिन सी मात्र सकाळी, ताज्या पाण्यात. तासन् तास टाकीत राहिलं की उपयोग नाही.

गावरान_बरा: म्हणून मी गावरान पाळतो. टॉनिक नाही, काही नाही.

फॉगर_फॅन: वर्षाला विकता किती?

गावरान_बरा: पंचेचाळीस. आखाडात दारात रांग असते.

निवृत्त_पशुवैद्य: धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं, पोटॅशियमही जातं. म्हणून इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांची पावडर. ते स्वस्तात होतं, पण चोवीस तास देऊ नका. विष्ठा पातळ होते, खाली पसरलेलं तूस ओलं होतं, मग अमोनिया आणि डोळे चुरचुरणं. अकरा ते चार खाद्याची भांडी वर ओढून ठेवा, पचनानेही अंगातली उष्णता वाढते. खाली सोडताना भांडी जास्त लावा, नाहीतर तुमच्या दाटीत एकमेकांच्या अंगावर चढून ओरखडे काढतील.
आता मुद्द्याचं. तुमच्या पक्ष्याला पाऊण चौरस फूट जागा आहे. उन्हाळ्यात सव्वा फूट तरी हवी. रेडीमेड खाद्यात व्हिटॅमिनं असतात, बहुतेकदा कॉक्सीचं (आतड्याच्या परजीवी रोगाचं) औषधही. चार ताजे मेलेले पक्षी औंधच्या रोग अन्वेषण विभागात दाखवा. उकाड्याने मरतायत की कॉक्सीने, हे बाटली सांगत नाही.

नवा_पोल्ट्रीवाला: इलेक्ट्रोलाइट द्या.

उरुळीची_ताई: वर डॉक्टरसाहेबांनी तेच सांगितलं.

नवा_पोल्ट्रीवाला: मी पण तेच म्हणतोय. आमच्या शेजारचे कोलिस्टिन देतात, मर थांबते म्हणे.

निवृत्त_पशुवैद्य: शेजाऱ्याला सांगा, २०१९ पासून त्यावर बंदी आहे. आणि उकाड्यावर अँटिबायोटिक कशाला?

फॉगर_फॅन: छतावर उसाचं पाचट टाकून पाणी मारा. फुकट.

मुळशीकर: पाचटात उंदीर होतात. माझ्याकडे झाले.

फॉगर_फॅन: बीटेन त्यांनीच खाल्लं असेल.

शिरूरचा_शेडवाला: सगळ्यांचे आभार. इलेक्ट्रोलाइट आणि व्हिटॅमिन सी आणलं, भांडी दुपारी वर ओढतोय. काल मर चारवर आली. ५०० पक्षी लवकर काढावे म्हटलं, तर व्यापारी सव्वा किलोच्या मालाला भाव पाडून मागतो. राहू दिले. लिव्हर टॉनिकही घेतलं, दुकानदाराने उधारीवर दिलं. औंधला जायचं राहिलं.

निवृत्त_पशुवैद्य: टॉनिक कुणी सांगितलं? आणि पुढची बॅच किती?

शिरूरचा_शेडवाला: दुकानदारानेच. पुढची २००० ची. पिल्लांचा ॲडव्हान्स देऊन बसलोय, साहेब.