गोठ्याचे घर होताना : किनाऱ्याजवळच्या मुक्कामांचे अनुभव

घाट उतरून कोकणात जाणाऱ्या कोल्हापूरकरांना देवगड-मालवण भागात जुने गोठे आणि मांगर (शेतातली वा बागेतली कामापुरती घरे) दुरुस्त करून तयार केलेली सुट्टीची घरे मिळू लागली आहेत. अशा घरात ज्यांनी मुक्काम केला किंवा स्वतः असे घर उभारले, त्यांनी बांधकामाविषयी आणि गैरसोयींविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

राजारामपुरी :
मे महिन्यात आम्ही देवगडजवळ अशा घरात राहिलो. जांभ्याच्या भिंती उघड्या ठेवलेल्या होत्या, गव्हाणीवर फळी टाकून बैठक केली होती, आणि गुरांना वारा मिळावा म्हणून भिंतीच्या माथ्याशी, कौलांखाली सोडलेली मोकळी पट्टी न बुजवता तिला फक्त बारीक जाळी लावली होती. गरम हवा वर चढून तेथून बाहेर पडत असल्याने भर दुपारीही पंखा पुरेसा झाला. मालकांनी ही पट्टी राखली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

शाहूपुरी :
सासऱ्यांच्या वाडीतील गोठा आम्हीच दुरुस्त केला. ज्यांच्या मनात असे काम आहे, त्यांनी सुरुवात जमिनीपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. वर्षानुवर्षे गोमूत्र मुरलेल्या जमिनीतील क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात आणि चिऱ्यांवर पांढरे फुलतात. म्हणून आम्ही वरचा मातीचा थर खणून काढला, नवी माती भरली आणि मगच फरशी घातली. जांभा सच्छिद्र असल्याने पावसात पाणी शोषतो. सिमेंटच्या गिलाव्यामागे ती ओल कोंडून राहते, चुन्यातून मात्र ती बाहेर पडू शकते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यात आमचा बराच काळ गेला, तरीही तो शोध आवश्यकच होता.

उत्तरेश्वर पेठ :
आम्ही जुलैमध्ये गेलो. घर सुंदर होते, परंतु कपडे वाळत नव्हते आणि पांघरुणांना कुबट वास येत होता. पावसाळ्यात निघण्यापूर्वी करूळ घाट सुरू असल्याची चौकशी अवश्य करावी.

मंगळवार पेठ :
आईचे गुडघे दुखतात. गोठ्याचा मूळ दरवाजा बुटका, उंबरा उंच आणि न्हाणीघर अंगणापलीकडे, त्यामुळे तिला रात्री फार त्रास झाला. छायाचित्रांत यातले काहीच दिसत नाही; ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी आरक्षणापूर्वीच फोन करून न्हाणीघर कोठे आहे आणि पायऱ्या किती आहेत, हे विचारावे.