मदत हवी आहे: १८ गुंठ्यांवर विकायला नाही, भाड्याने द्यायलाच घरं बांधायची आहेत (पुणे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांब आहे. पण तुकड्यातुकड्याने विचारलं की उत्तरंही तुकड्यातच मिळतात, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

आम्ही आंबेगाव बुद्रुकचे. २०१७ साली जी ११ गावं पुणे महापालिकेत आली त्यातलं हे एक. सासऱ्यांच्या नावावर १८ गुंठे जमीन आहे, रहिवासी झोनमध्ये, रस्त्याला लागून. तिच्या एका कडेला २२ खोल्यांची बैठी चाळ. ग्रामपंचायतीच्या काळात जसे पैसे हातात आले तशा सासऱ्यांनी दोन-दोन, तीन-तीन करत त्या बांधल्या. दहा बाय बाराची खोली, आत मोरी, वर पत्रा, संडास बाहेर सामाईक. भाडं साडेचार हजार, लाइट सबमीटरवर. नऱ्ह्याच्या वर्कशॉपमध्ये जाणारी माणसं, आसपासच्या सोसायट्यांत पोळ्या आणि धुणंभांडी करणाऱ्या बायका, कॉट बेसिसवर राहणारी कॉलेजची मुलं, असे सगळे तिथे आहेत. एकही खोली आठ दिवस रिकामी राहिलेली मला आठवत नाही.

आता दिरांकडे एका बिल्डरचा प्रस्ताव आला आहे. विकसन करार करायचा, चाळ पाडायची, टू बीएचकेची इमारत उभी करायची, आमच्या वाट्याला काही फ्लॅट. दीर चुकीचं बोलत नाहीत. पैसे चांगले आहेत, त्यांची दोन मुलं शिकताहेत. पण त्या इमारतीत आजच्या २२ बिऱ्हाडांपैकी एकालाही जागा नसेल. ही माणसं आणखी चार-पाच किलोमीटर बाहेर जातील, तिथे कुणीतरी अशाच पत्र्याच्या खोल्या बांधेल, आणि पोळ्यांना येणारी बाई पहाटे साडेपाचला बसथांब्यावर उभी राहील.

सात नंबरच्या खोलीबद्दल सांगते. परभणीकडचं जोडपं, अकरा वर्षं झाली. मे महिन्यात ती पत्र्यावर गोणपाट अंथरते आणि दुपारी दोनदा बादलीने पाणी मारते, तेव्हा कुठे आत पोराला झोपता येतं. खोली इतकी लखलखीत ठेवलेली की चपला काढूनच आत जावंसं वाटतं. यंदा तिला मुलाचा अर्ज शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी भरायचा होता. भाडेकरूंना त्यासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो. ती माझ्याकडे आली, "वहिनी, एवढा एक कागद करून द्या." सासरे तयार झाले नाहीत. कागद केला की भाडेकरू हक्क सांगतो, ही त्यांची भीती. अर्जाची मुदत निघून गेली. ती पुन्हा काही बोलली नाही, भाडं मात्र नेहमीसारखं पाच तारखेच्या आत आणून दिलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

सासऱ्यांची भीती उगाच नाही, हेही सांगायला हवं. माझं माहेर नारायण पेठेतलं. आजोबांच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली. पुढे शाकारणीचा खर्च सहा बिऱ्हाडांच्या वर्षाच्या भाड्यातूनही निघेना. भिंती फुगल्या, मालक-भाडेकरू दोघंही कोर्टात म्हातारे झाले. वाड्यात बिऱ्हाड ठेवणं हा पुण्यात एकेकाळी सरळ व्यवहार होता, तो आटला तो असा. सासरे मला तेच ऐकवतात, "तुमच्या वाड्याचं काय झालं ते पाहिलंस ना?"

तर माझ्या मनात काय आहे: चाळीच्या जागी चार मजली साधी इमारत, प्रत्येक खोलीला स्वतःचा संडास-बाथरूम, छोटा ओटा, वर स्लॅब. एकही खोली विकायची नाही, सगळ्या भाड्याने. सासऱ्यांची अट एकच, महिन्याचं उत्पन्न चालू राहिलं पाहिजे.

चार महिने फिरते आहे. एका खिडकीवर मला सरळ विचारलं, "विकायचंच नाही तर बांधता कशाला?" त्या माणसाचा राग नाही आला. सगळी व्यवस्थाच विक्रीच्या हिशेबाने चालते, त्यालाही तेवढंच माहीत. युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, चाळली. त्यात सर्वसमावेशक घरांची तरतूद आहे, म्हणजे मोठ्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा जास्त भूखंड असेल तर मूळ एफएसआयच्या (जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) २० टक्के इतकी ३० ते ५० चौरस मीटरची घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधायची. ती म्हाडाच्या सोडतीने जातात, म्हणजे पुन्हा विक्रीच. सात नंबरवालीला सोडतीत घर लागलं तरी कर्जासाठी पगारपत्रक कुठून आणेल? तिला आज घर विकत नको आहे, राहायला हवं आहे.

वर मालमत्ता कराचं बघा. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत. ती मध्यंतरी बंद झाली होती, २०२३ मध्ये परत मिळाली, पीटी-३ अर्ज भरायला केवढी गर्दी झाली होती ते सगळ्यांना आठवत असेल. घर भाड्याने दिलं की ती सवलत जाते. तो फरक शेवटी भाड्यातच जातो आणि भरते ती सात नंबरवाली.

मला विचारायचं आहे ते असं. निव्वळ भाड्याची इमारत आजच्या नियमांत १८ गुंठ्यांवर बसते का, आणि प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायचं शुल्क) भरून कंबरडं न मोडता बसते का? केंद्राच्या भाड्याच्या घरांच्या योजनेत आमच्यासारखं साधं कुटुंब जाऊ शकतं का? आणि तिसरं, जे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं: नियमच बदलून मागायचा असेल तर कुणाकडे, कोणत्या कलमाखाली? माझी मागणी अशी आहे की ४००० चौरस मीटरच्या आतल्या जमीनमालकाने २५ वर्षं फक्त भाड्याने देण्याचं बंधन स्वीकारलं, तर त्याला प्रीमियममध्ये आणि मालमत्ता करात सूट मिळावी. ते बंधन सातबाऱ्यावर इतर हक्कात चढवावं, म्हणजे उद्या आमच्याच मुलांनी विकायचं ठरवलं तरी सुटता येणार नाही. मोडलं तर सवलत व्याजासकट वसूल करा, माझी हरकत नाही.

दिरांनी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. कृपया मदत करा.

प्रतिसाद

ताई, आर्किटेक्ट आहे, उपनगरांतली कामं करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बांधकाम परवानगीत विकायला आणि भाड्याला असा फरक नसतो. रहिवासी इमारत म्हणून नकाशे मंजूर करून घ्या, पुढे विका की भाड्याने द्या, तो तुमचा प्रश्न.

आता आकडे. १८ गुंठे म्हणजे साधारण १८२० चौरस मीटर. बेस एफएसआय १.१ धरला तर २००० चौरस मीटर होतात, तेही प्रीमियम एफएसआय किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) न घेता. रस्तारुंदीत जागा जात असेल तर आधी तो हिशेब करा. केंद्राची जी परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना जुलै २०२० मध्ये मंजूर झाली, तिच्यात किमान ४० घरं लागायची. एका खोलीचं घर ३० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंत. ४० गुणिले ३० म्हणजे १२००. जिने, पॅसेज, भिंती धरूनही तुमच्या २००० मध्ये हे बसू शकतं. म्हणजे आजच्या २२ बिऱ्हाडांना जागा देऊन वर १८ घरं. पार्किंग, साइड मार्जिन आणि अग्निशमन यांचं आधी कागदावर मांडून घ्या. छोट्या घरांच्या इमारती बहुतेक वेळा पार्किंगलाच अडतात.

त्या योजनेत दुसरं मॉडेल खास स्वतःच्या मोकळ्या जमिनीवर बांधून २५ वर्षं चालवणाऱ्यांसाठी होतं. दर दोन वर्षांनी ८ टक्के भाडेवाढ, पाच वर्षांत मिळून २० टक्क्यांच्या वर नाही. राज्यांनी ५० टक्के जादा एफएसआय मोफत द्यावा आणि पाणी, वीज, मालमत्ता कर रहिवासी दराने लावावा, असं तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच होतं. १ सप्टेंबर २०२४ पासून पंतप्रधान आवास योजना शहरी २.० सुरू झाली, तिच्यात परवडणारी भाड्याची घरं हा चारपैकी एक घटक आहे. तुमच्या मागणीला हा भक्कम आधार आहे. नवीन काही मागत नाही, केंद्राने सुचवलेलंच छोट्या मालकापर्यंत पोचवा म्हणतो आहोत, असं लिहा.

प्रतिसाद

बारा वर्षं ठाण्यात काढली, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. मुंबई महानगर प्रदेशात २००८ साली भाड्याच्या घरांची योजना आली होती. बिल्डरला ४ एफएसआय, त्या बदल्यात त्याने १६० चौरस फुटांची घरं बांधून एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) द्यायची आणि एमएमआरडीएने ती भाड्याने द्यायची. विक्रीच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. भाड्याच्या घरांचं मात्र वेगळंच झालं. काही प्रकल्पग्रस्तांना, काही संक्रमण शिबिरांसाठी गेली. कोन-पनवेलची २०१६ साली गिरणी कामगारांच्या सोडतीत आली, १६०-१६० ची दोन घरं जोडून ३२० चं एक करून. गिरणी कामगारांना घर मिळालं याचा आनंदच आहे. पण महिन्याच्या भाड्यावर छप्पर शोधणारा माणूस होता तिथेच राहिला.

म्हणून जादा एफएसआय मागताना जपा. तो विक्रीच्या घरांना चिकटला की भाड्याची घरं उपरी होतात. तुमची सातबाऱ्यावरच्या नोंदीची कल्पना मला यात सगळ्यात मोलाची वाटते. ती सोडू नका.

प्रतिसाद

नगररचना खात्यातून निवृत्त झालो. तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो.

एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६, कलम ३७. वाट दोन. महापालिकेने स्वतः फेरबदल सुचवायचा असेल तर मुख्य सभेचा ठराव लागतो. त्याआधी विषय शहर सुधारणा समितीत येतो, तेव्हा आपल्या नगरसेवकाकडून तो तिथे मांडून घ्यावा. दुसरी वाट शासनाची, ३७ (१अअ). युडीसीपीआर ही डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर लागू असलेली नियमावली आहे, त्यामुळे तिच्यातला बदल बहुधा याच वाटेने होतो. निवेदन नगर विकास विभागाच्या प्रधान सचिवांना, प्रत सहसंचालक, नगररचना, पुणे विभाग यांना. फेरबदलाची सूचना राजपत्रात आली की हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. त्या महिन्यात कुणीही नागरिक लिहू शकतो, सुनावणीला बोलावतात. लोक नेमके तिथेच झोपतात. एकट्याचं पत्र फाइलला लागतं, पन्नास पत्रं आली तर अहवालात परिच्छेद होतो.

पत्रात भावना एका वाक्यात संपवा. पुढे कोणत्या विनियमात कोणते शब्द घालायचे तेवढंच, मसुदा म्हणून, मराठी-इंग्रजी दोन्हीत. मे २०२५ मध्ये राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. त्यात विद्यार्थी, नोकरदार महिला आणि औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या घरांचा विचार आहे, त्याचा संदर्भ जरूर द्या.

प्रतिसाद

वकील आहे. तुमच्या सासऱ्यांसाठी लिहिते आहे, त्यांना वाचून दाखवा.

काका, तुमची भीती १९४७ च्या कायद्याची आहे. तुमचा करार होईल तो लिव्ह अँड लायसन्सचा, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली. मुदत संपून माणूस जागा सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, वर्षानुवर्षं दिवाणी दावा चालवावा लागत नाही. आणि कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नोंदवला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद न केल्याने आज धोका तुम्हालाच आहे. मुद्रांक शुल्कही फार नाही, एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटचा थोडा हिशेब त्यात मिळवायचा.

ताई, नवीन इमारतीची वाट बघू नका. करार आत्ताच करा. आणि चाळ पाडायच्या आधी प्रत्येकाला लिहून द्या की बांधकाम झाल्यावर त्याला पहिली संधी, अमुक भाड्याने. अर्धी इमारत आधी बांधून तिथे लोक हलवता येतील का तेही आर्किटेक्टना विचारा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. चार महिन्यांत जे कळलं नाही ते तीन दिवसांत कळलं.

काल रात्री जेवणं झाल्यावर वकीलताईंचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. "भाडेकरू म्हणेल ते खरं" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. दीरही बसले होते. ४० घरांचा हिशेब त्यांनी स्वतः पाटीवर मांडून बघितला, आणि बिल्डरला अजून हो म्हणत नाही म्हणाले. यापुढे काय होईल ते कर्ज किती मिळतं यावर आहे, बँकेला विक्रीचा करार दिसला की लगेच समजतं, भाड्याच्या उत्पन्नावर द्यायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. याबाबतीत कुणाचा अनुभव असेल तर लिहा.

मसुदा मी करायला घेतला आहे. आंबेगाव, नऱ्हे, धायरी, मांगडेवाडी या भागात ज्यांच्या खोल्या आहेत आणि ज्यांना त्या राखायच्या आहेत, त्यांनी इथे हात वर करा. पन्नास पत्रं जमवायची आहेत.

सात नंबरचा करार शनिवारी नोंदवतो आहोत. अंगठा द्यायला सासरे स्वतः बसणार आहेत. मुलाचा अर्ज पुढच्या वर्षी भरता येईल, वयात बसतो का तेवढं आज तिच्याकडून जन्मदाखला मागवून बघते.